बिनकडत्याचं वजन

"काका, जरा खोकून दाखवा," अकोल्याच्या सर्जन बाई म्हणाल्या.

मी आजवर कुठल्याही श्रोत्याला निराश केलेलं नाही. असा खोकलो, की बाहेर बाकावर बसलेली माझी बायको सुधा धावत आत आली आणि तिच्या मागून दुसऱ्याच पेशंटचे दोन नातेवाईक. त्या खोकल्याबरोबर माझी बेंबी टुणकन बाहेर आली. चांगली मोठ्या लिंबाएवढी. बाईंनी ती दोन बोटांनी हळूच आत ढकलली, पुन्हा खोकायला लावलं, पुन्हा ढकलली आणि हात धुवायला गेल्या.

"अम्बिलिकल हर्निया," बेसिनपाशी उभं राहून त्या म्हणाल्या.

बेंबीच्या जागी पोटाच्या भिंतीला जन्मापासूनच एक कच्चा भाग असतो. पोट सुटत गेलं की तिथे ताण येतो, भोक पडतं आणि त्यातून आतली चरबी, कधी आतडं, बाहेर डोकावायला लागतं. याला अम्बिलिकल हर्निया म्हणतात. मला हे सगळं चित्र काढून समजावलं गेलं. चित्रातलं पोट माझ्या पोटापेक्षा बरंच लहान होतं.

"मग उद्या करून टाकू ऑपरेशन," मी उदारपणे म्हणालो.

"उद्या नाही. शंभर किलोच्या आत या, मग करू."

त्या दिवशी मी एकशे बारा होतो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे ते सांगणारा आकडा, अडतीस. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, नऊच्या वर. अशा पोटात जाळी बसवली तर जखम चिघळते, टाके सुटतात आणि हर्निया परत येतो, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. शिवाय एक ताकीद दिली. ती मी इथे जशीच्या तशी देतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी बेंबीशी अशी गाठ असेलच. गाठ बाहेर आली आणि आत जाईना, कडक झाली, लाल झाली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपाय न करता तडक दवाखाना गाठायचा. याला स्ट्रँग्युलेटेड हर्निया म्हणतात. आतडं त्या भोकात आवळलं जातं, त्याचं रक्त थांबतं आणि जीव जाऊ शकतो.

"तोवर जड उचलायचं नाही. कुंथायचं नाही. वरच्या पट्टीत गायचं नाही."

इथे मात्र सुधाने माझा हात धरला.

मी अमरावतीत शाळेत मराठी शिकवतो आणि लग्नांत मंगलाष्टकं म्हणतो. तिवशापासून भातकुलीपर्यंत माझ्या आवाजावर किती जोडपी नांदताहेत, मोजलेलं नाही. माझं शेवटचं 'सावधान' इतकं उंच जातं, की बँडवाले आधी माझ्याकडे बघतात आणि मगच ढोल बडवतात. आजाराचं पहिलं लक्षणही तिथेच दिसलं. ज्येष्ठातलं लग्न, तिवशाचा मांडव, मी 'सावधान'चा 'धा' धरलेला आणि पोटात काहीतरी सटकलं. झब्ब्याचं बटण उडून नवरदेवाच्या मुंडावळीत अडकलं. लोकांना तो मानपानाचा भाग वाटला. मी मात्र हाताने पोट दाबून खाली बसलो.

तर गळा शाबूत, पण पोटाला गाण्याची बंदी. शंभरच्या आत आलो तर परत गाणार, नाहीतर नाही. इतका सोपा हिशेब माझ्यापुढे आयुष्यात प्रथमच आला होता.

अमरावतीत परतल्यावर आहारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. तिथे बाकावर माझ्याशिवाय दोघं होती. एक सईदा आपा, बायकांचे कपडे शिवणाऱ्या. त्यांच्या गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यातली गादी झिजलेली. दुसरा बबन, बाजार समितीच्या फाटकाशी गिलावड्याची गाडी लावणारा. दही-चटणीत भिजलेला तो उडदाचा वडा आमच्या गावाचा जीव की प्राण, आणि बबन स्वतःच त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. त्याला फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतावर चरबी चढलेली.

वाट बघून कंटाळा आला तेव्हा बबनने सवयीने पिशवीतून शेवेचा पुडा काढला आणि आमच्यापुढे धरला. आम्ही दोघांनी सवयीने मूठभर घेतली. तेवढ्यात दार उघडून मॅडम बाहेर आल्या. तिघांची तोंडं भरलेली.

"तुम्ही तिघं एकदमच आत या," मॅडम म्हणाल्या. "एकेकट्याने तुमच्याच्यानं होणार नाही."

आमचा गट असा तोंड भरलेल्या अवस्थेत स्थापन झाला.

बबनने जागा सुचवली. दर रविवारी बाजार समितीचं यार्ड बंद असतं. मोठमोठी शेडं, धान्य ओतायचे सिमेंटचे ओटे, चालायला ऐसपैस वाट. आणि चौथा गडीही त्यानेच आणला. नामदेवराव. हे यार्डातले मापारी, म्हणजे आलेल्या मालाचं वजन करणारे. अंगाने असे वाळलेले, की आमच्या गटात ते उदाहरण म्हणून शोभावेत. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून त्यांचा जुना दांडीचा काटा शेडाच्या कोपऱ्यात पडून होता. ते तरीही त्याला दर आठवड्याला तेल देत. त्यात कापसाच्या बोंडात अळी शिरल्याचं ते वर्ष. भाव पडलेले, गाड्या येईनात, मापाऱ्याला मापायला काही नाही.

"माणसं मोजाची हायेत?" नामदेवराव आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले. "मोजतो ना. काट्याची ताकत तीनशे किलो हाये. घाबरू नका."

मग सुरू झाले आमचे रविवार. सकाळी साडेसहाला आधी यार्डाच्या फेऱ्या, मग वजन. मापारी मोजताना 'एक' म्हणत नाहीत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन, चार. त्यामुळे काट्यावर जो आधी चढेल तो त्या दिवसाचा लाभ. सईदा आपांना लाभ व्हायचं असे, म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी आमच्या पुढे पळत. हा त्यांचा सगळ्यात चांगला व्यायाम झाला.

काट्यावर आम्ही दांडीकडे पाठ करून उभे राहायचो. तोंड करून उभं राहिलं की प्रत्येक जण श्वास रोखून अंग चोरायचा आणि बबन तर एक पाय हळूच उचलायचा. नामदेवराव दांडीवरचं वजन सरकवत आणि बाजारातल्या ललकारीत आकडा पुकारत. त्याआधी एक किलो कडता कापत. कडता म्हणजे बारदान्याचं, अर्थात पोत्याचं, मातीचं, ओलीचं म्हणून मालाच्या वजनातून जी सूट धरतात ती. आमच्या बाबतीत कपड्यांचा आणि चपलांचा.

"एकशे दहा! बारदाना वजा!" त्यांनी दुसऱ्याच महिन्यात पुकारा केला तेव्हा मी ओट्यावर चढून दोन्ही हात जोडून चारी दिशांना वाकलो. यार्डात तीन कुत्री होती. त्यांनी दाद दिली.

वजनानंतर आपा गळ्यातला फीता काढून सर्वांच्या पोटाचा घेर मोजत. मग गप्पा. कुणी काय खाल्लं, कुणी काय लपवलं, कुणाची बायको कणकेत काय मिसळते. आठवडाभर मोबाइलवर हेच. बबन मुद्दाम सकाळी आठला गरम गिलावड्यांचा फोटो टाकून लिही, 'आज म्या एकही खाल्ला नाई.' आपा उत्तर देत, 'फोटू कायकू फिर?'

एक नियम फार कामाचा ठरला. मोह झाला की खाण्याआधी गटातल्या कुणाला तरी फोन करायचा. गात नसलो तरी लग्नाची बोलावणी मला येतच होती. एकदा पंगतीत समोर जिलब्यांचं ताट आलं. मी पत्रावळीवर वाकून फोन लावला.

"आपा, जिलेबी."

"कितनी दूर है?"

"एक वीत."

"गुरुजी, उठो. हात धुवो. चप्पल पहनो."

"चपला मांडवाबाहेर आहेत."

"तो बगैर चप्पल के भागो!"

मी अनवाणी पळालो. यजमानाला वाटलं, मानपानात काही राहिलं. तो माझ्या मागे, त्याच्या मागे त्याचा भाऊ. अर्धा किलोमीटर. मॅडमनी सांगितलेलं त्या दिवसाचं चालणं तिथेच पुरं झालं.

दिवाळीच्या सुमारास नामदेवरावांच्या मुलीचं, मनीषाचं, लग्न ठरलं. मुळात घरासमोर मांडव घालायचा बेत होता. पण ते वर्ष तसं नव्हतं. गावोगाव लोक सामूहिक विवाहात नावं देत होते. त्यांनीही भातकुलीच्या विवाहात नाव दिलं, वैशाखातलं.

"गुरुजी," ते काटा पुसत म्हणाले, "मांडव आपला नाई, जेवण आपलं नाई, बँडबी आपला नाई. पण सावधान मातर तुमीच म्हणसान. येवढं एक आपलं असू द्या."

ऑपरेशननंतर तीन महिने तरी जोर लावायचा नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे जानेवारीत टाके पडले तरच वैशाखात गाता येणार. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. वचन देताना मी नेहमीच उत्तम दिसतो.

डिसेंबरात नामदेवरावांनी पुकारलं, "नव्याण्णव, पाचशे!" आपांनी माझ्यावर अक्षता म्हणून शिलाईच्या चिंध्यांचे तुकडे उधळले. बबनने मला उचलायचा प्रयत्न केला आणि विचार बदलला.

दुसऱ्याच मंगळवारी मी आणि सुधा बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला. पीएसी होतं, म्हणजे भूल देण्याआधीची तपासणी. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे. साखरेची सरासरी सात पॉइंट एक. बाईंनी मान डोलावली. मग नर्सने काट्यावर उभं केलं.

एकशे तीन.

"पुन्हा बघा, सिस्टर," मी म्हणालो.

एकशे तीन.

मी घड्याळ काढलं. पाकीट काढलं. चष्मा काढला. सुधा म्हणाली, "आता पुढे काही काढू नका."

"काका," बाई म्हणाल्या, "नऊ किलो उतरवलेत, ही लहान गोष्ट नाही. पण मी शंभरच्या आत म्हटलं होतं. चार आठवडे देते."

येताना गाडीत मी मूर्तिजापूरपर्यंत बोललो नाही. सुधाने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

रविवारी मी यार्डात प्रवेश केला तो शेवटच्या अंकातल्या नायकासारखा. ओट्यावर उभा राहिलो आणि विचारलं, "नामदेवराव! हा काटा खोटा आहे की मापारी?"

ते हातातली तेलाची बाटली खाली ठेवून उभे राहिले.

"काटा खरा हाये, गुरुजी."

मग ते सांगत गेले. पहिला किलो कपड्यांचा, सर्वांना माहीत होता तो. तिसऱ्या आठवड्यात बबनचं वजन वाढलं होतं. तो फाटकाशीच म्हणत होता, आज वाढलं तर पुढल्या रविवारपासून येणार नाही. नामदेवरावांनी त्याचं आणखी अर्धा किलो कापलं. बबन टिकला. मग एकदा आपांचं कापलं. मग माझं. आणि एकदा कापलेला कडता परत जोडता येत नाही, नाहीतर पुढल्या आठवड्यात माणूस एकदम फुगलेला दिसतो. असं करत माझा साडेतीन किलोवर गेला होता.

"पण काहून?" बबन ओरडला. "काहून केलं तुमी असं?"

नामदेवराव जमिनीकडे बघत होते. "तीस वर्सं कडता कापला म्या. ज्याच्या मालाचा कापला त्याचं तोंड उतरलेलं पायलं. कोनी शिव्या देल्ल्या, कोनी नुसतं पायत रायलं. इथं कापला तं तुमी लोकं हासले. गुरुजी ओट्यावर चढून नाचले. मापाऱ्याच्या हातानं कोनी हासलेलं म्या कदी पायलंच नोतं, बाप्पा. मले सोडवेना."

मी ओट्यावरून खाली उतरलो.

"मेरे फीते को दो महिने से मालूम था," आपा हळूच म्हणाल्या. "काटा बोलता था तीन किलो उतरे, फीता बोलता था घेर वहीच है."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम इतने खुश थे, गुरुजी. खुश होके चलते भी ज्यादा थे."

आता माझी पाळी होती. कारण मलाही ठाऊक होतं. मार्गशीर्षात एका शेतात रोडग्यांचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, तुपात बुडवलेले कणकेचे गोळे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण. मी सहा रोडगे हाणले होते. फोन केला नव्हता कुणाला. त्या रविवारी वजन सातशे ग्रॅम उतरलं. मी काट्यावरून उतरून नामदेवरावांकडे एक क्षण बघितलं होतं, त्यांनी माझ्याकडे, आणि मग मी ओट्यावर चढून चारी दिशांना वाकलो होतो. हे मी सर्वांपुढे कबूल केलं. रोडगे मात्र चार सांगितले.

त्या दिवशी नवी पद्धत ठरली. दांडीकडे तोंड करून उभं राहायचं. आकडा ज्याचा त्याने पुकारायचा. कडता नाही, कपड्यांचाही नाही. चौघांनीही एकेक करून खरं वजन घेतलं. बबन एका सकाळीत तीन किलोंनी वाढला.

"येवढं तं मी दिवाळीतबी वाढलो नाई," तो म्हणाला, आणि सगळ्यात आधी तोच हसला.

आता चार आठवडे होते आणि तीन किलोंच्या वर उतरवायचे होते. सुधाने घराचा ताबा घेतला. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, पातळ ताक. बबन गाडीवरून माझ्यासाठी उकडलेली मटकी पाठवू लागला, वर लिंबू पिळून आणि हळहळून. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता नामदेवराव दारात. त्यांना चालायची काही गरज नव्हती. हवेने उडतील असा देह. तरी ते माझ्यासोबत यार्डाच्या बारा फेऱ्या मारत आणि प्रत्येक फेरी पुकारत. लाभ. दोन. तीन. सातवीला मी थांबायला बघे. ते पुढे जाऊन आठ पुकारत आणि वळून उभे राहत. मग जावंच लागे.

तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ. नववी फेरी. मला जोराची शिंक आली आणि बेंबीपाशी कळ उठली. गाठ बाहेर आलेली, दगडासारखी. मी ढकलली, जाईना.

मला नाट्य आवडतं हे तुम्हाला आतापर्यंत कळलं असेल. त्या क्षणी मात्र मी एक शब्द बोललो नाही. त्यावरूनच नामदेवराव घाबरले. त्यांनी मला ओट्यावर रिकाम्या पोत्यांवर उताणं झोपवलं, गुडघे दुमडून दिले आणि फाटकावरून बबनला हाक मारली. बबनने सर्जन बाईंना फोन लावून कानाशी धरला.

"उलटी? गाठ लाल आहे?" बाईंनी विचारलं. नव्हती. "मग तसेच पडून राहा, पोट सैल सोडा. जोर लावून ढकलू नका. पंधरा मिनिटांत आत गेली नाही, किंवा दुखणं वाढलं, तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते."

बबन ऑटो आणायला पळाला. मी छपराचे पत्रे बघत पडलो. नामदेवरावांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कपाळावर पडत होतं.

"म्या नसता कापला तं तुमी कवाच थांबले नसते, गुरुजी. कवाचंच झालं असतं आपरेशन."

"नामदेवराव," मी डोळे मिटून म्हणालो, "ते सहा रोडगे होते."

"काय?"

"चार सांगितले होते मी. सहा होते."

त्यांना हसू आलं की रडू, मला दिसलं नाही. पण त्यांची मांडी हलायला लागली, मग माझं पोट हललं, आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला गाठ आपोआप, गुळकन, आत गेली. ऑटो येऊन उभा राहिला तेव्हा मी उठून बसलो होतो. तरी बबनने मला त्यात कोंबून दवाखान्यात नेलंच, आणि बरंच केलं. तिथे तपासून घरी सोडलं. वाचकहो, अशा वेळी आपलं आपण बरं झालो असं समजून घरी जाऊ नका.

चौथ्या आठवड्यानंतर अकोल्याला आम्ही पाच जण गेलो. मी, सुधा, आपा, बबन आणि नामदेवराव. नामदेवरावांच्या हातात एक जड पिशवी होती. डबा असेल असं मला वाटलं. वजनाच्या खोलीत त्यांनी पिशवीतून सरकारी शिक्क्याची पाच-पाच किलोंची दोन लोखंडी मापं काढली.

"सिस्टर, आधी हे ठेवून पायतो."

"अहो आजोबा, हा दवाखाना आहे!"

"काटा हाये ना? मग तपासला पायजे."

सिस्टर काही बोलायच्या आत मापं काट्यावर गेली. आकडा आला, दहा, शून्य. नामदेवराव वाकून एक डोळा मिटून बघत राहिले. मग मापं उतरवून बाजूला झाले.

"बरोबर हाये. चढा, गुरुजी."

मी चढलो. तोंड आकड्याकडे. घड्याळ, पाकीट, चष्मा, सगळं अंगावर. माझा आकडा मीच पुकारायचा होता, पण चष्म्यावर वाफ आली होती.

"नव्याण्णव, दोनशे," सुधा म्हणाली. मग दवाखान्याच्या त्या शांत मजल्यावर आपांनी, बबनने आणि नामदेवरावांनी जो जल्लोष केला, त्याबद्दल आम्हाला दोनदा समज देण्यात आली.

ऑपरेशन लॅप्रोस्कोपिक होतं, म्हणजे पोट मोठं न कापता तीन छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने. भोक शिवून आतून जाळी लावतात. मेश म्हणतात तिला. आत गेल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी उलटे आकडे मोजायला सांगितले. दहापासून मी आठपर्यंत आलो एवढं आठवतं. लाभपर्यंत पोचलो नाही.

जागा झालो तेव्हा घसा कोरडा आणि पोट कुणीतरी दोरीने बांधल्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी चालवलं. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, ही युक्ती सिस्टरने शिकवली. दुखतंच, पण सोसवतं. तिसऱ्या दिवशी घरी.

यार्डात परत उभा राहिलो तो पाचव्या आठवड्यात. काट्यावर चढलो आणि मी म्हणालो, "नामदेवराव, पोटात आता डॉक्टरांची जाळी आहे. तिचा तरी कडता धरा."

"नाई धरत," ते म्हणाले. "जाळी आता तुमचीच हाये."

वैशाखात भातकुलीला अकरा जोडपी एका मांडवात उभी होती. अकरा अंतरपाट, अकरांच्या मामांची गर्दी, कडक ऊन. सर्जन बाईंची लेखी परवानगी माझ्या खिशात, सुधा पहिल्या रांगेत, आपा तिच्या शेजारी. मनीषाच्या अंगावरचं पोलकं आपांनीच शिवलेलं. बबनच्या हातात अक्षता होत्या आणि त्याने त्या खाल्ल्या नव्हत्या.

पहिली कडवी मी खालच्या पट्टीत घेतली. पोटाला विचारत विचारत. शेवटच्या कडव्याला आवाज आपोआप वर चढला. मी डावा हात बेंबीवर ठेवला, डोळे मिटले आणि 'सावधान'चा 'धा' धरला. धरला, धरला, आणि हाताखाली काहीच हललं नाही.

अंतरपाट खाली आले. बँडवाले माझ्याकडे बघत होते, अजून ढोल वाजायचा होता. त्या एका क्षणाच्या शांततेत मनीषाने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला आणि गर्दीतून तीस वर्षांची ती ललकारी उठली.

"लाभ!"

लोक वळून बघायला लागले. दुसऱ्या जोडप्याचा हार पडला. "दोन!" आता बबनही ओरडला. "तीन!" आपा. "चार!" अख्खा मांडव. यार्डात माल घालून आयुष्य गेलेली माणसं होती ती, त्यांना ही मोजणी शिकवायला लागली नाही. पाच, सहा, सात. ज्या मापाऱ्यापुढे त्यांची तोंडं उतरली होती, त्याच्या मागे ती सगळी हसत मोजत होती, आणि नामदेवराव दोन्ही हात वर करून उभे होते. कुणाचं काही कापलं जात नव्हतं.

"अकरा!" मीही ओरडलो, पोटाच्या तळापासून, आणि मग ढोल वाजला.